बोर्ड गेलं नव्हतं, फक्त एक दार बंद झालं होतं

हुडकेश्वरहून बोलतोय. मागे कूलरचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. बंद केला तर मीच बोलू शकणार नाही.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, काय जुनाट घेऊन बसला हा! जुन्या डेस्कटॉपमध्ये नेटवर्क कार्ड कसं बसवायचं. म्हणजे पाठीमागे जी लॅनची वायर लागते ना, तिच्यासाठीचं वेगळं कार्ड. तुमच्यापैकी बरेच जण फोनवरच वाढलेत, घरी कॅबिनेटवाला कॉम्प्युटर असेल तर त्याच्यावर कपड्यांची घडी ठेवलेली असेल. पण शेवटपर्यंत ऐका. यात फोनचंही एक महत्त्वाचं काम आहे.

आमच्या गल्लीत एक काकू आहेत. खाली त्या आणि त्यांची मुलगी, वरच्या मजल्यावर त्या मुलीचे मोठेबाबा. मुलगी क्लर्क-टायपिस्टची तयारी करून राहिली. त्या पदाला मराठी टायपिंग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द, असं प्रमाणपत्र लागतं. परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते, जीसीसी-टीबीसी म्हणतात तिला. आता टायपिंग काही फोनवर होत नाही. दहा बोटं लागतात, खरा कीबोर्ड लागतो. इन्स्टिट्यूटमध्ये रोजचा वेळ ठरलेला, बाकी सराव घरीच. आणि घरात स्मार्टफोन एकच, तो सकाळी नऊला काकूंसोबत कामावर जातो. म्हणजे दिवसभर अभ्यास, फॉर्म, हॉलतिकीट, जुने पेपर, सगळं त्या एका जुन्या डेस्कटॉपवर.

डेस्कटॉप कसा? कोअर टू ड्युओ प्रोसेसर, चार जीबी रॅम, विंडोज ७. नेट वरच्या मजल्यावरच्या राउटरवरून. स्लॅबमुळे वायफाय खाली धड येत नाही, म्हणून लॅनची वायर टाकलेली. गच्चीवरून, बाहेरच्या भिंतीवरून, सज्जाखालून थेट खोलीत. ही वायर कोणी टाकली? मीच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे.

जून महिन्यातली संध्याकाळ. आपल्याकडचा पहिला पाऊस कसा येतो माहीत आहे ना, आधी धूळ, मग कडकडाट, मग लाइट जाते. तसंच झालं. लाइट आली तेव्हा कॉम्प्युटर सुरू झाला, पण नेट नाही. एक कॉम्प्युटरवाला येऊन पाहून गेला. पाच मिनिटांत निकाल, "बोर्ड गेलं. जुनं आहे, आता मिळत नाही. नवीन घ्या, पंचवीस हजारांत होऊन जाईल."

काकूंनी मला आवाज दिला. म्हणाल्या, "बाबू, याचे भंगारवाला किती देईन रे?"

मी म्हटलं, "थांबा काकू, आधी पाहू तर द्या."

आजची खरी गोष्ट इथून सुरू होते. कार्ड बसवणं सोपं आहे. आधी नेमकं काय बिघडलं ते शोधणं अवघड आहे, आणि तेच लोक करत नाहीत.

नेट येत नाही म्हटलं की संशय तिघांवर, राउटर, वायर आणि कॉम्प्युटर. एकेकाला वेगळं काढायचं. मी माझा लॅपटॉप वर नेला आणि राउटरच्या त्याच पोर्टला लावला. लाइट नाही. बाजूच्या पोर्टला लावला, लाइट लुकलुकायला लागला, नेट आलं. म्हणजे राउटरचा एक पोर्ट गेला, बाकी राउटर ठीक. मग लांब वायर चांगल्या पोर्टला लावून खाली आलो, वायरचं दुसरं टोक लॅपटॉपला. नेट आलं. म्हणजे वायर ठीक. तेच टोक डेस्कटॉपला लावलं, काही नाही. हिरवा नाही, पिवळा नाही, अंधार. सापडला चोर.

पण बोर्ड गेलं का? नाही ना! कॉम्प्युटर चालू होतो, स्क्रीन येते, कीबोर्ड चालतो, यूएसबी चालतं. गेलं काय, तर बोर्डवरची लॅनची छोटी चिप किंवा तिच्या पुढचा भाग. एवढंच. घराचं एक दार जाम झालं म्हणून कोणी घर पाडतं का? दुसरं दार काढतात. नेटवर्क कार्ड म्हणजे ते दुसरं दार.

आणखी एक गंमत पाहा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते जुनं लॅन अजून दिसतच होतं, सगळं ठीक आहे म्हणून. चिप कॉम्प्युटरशी बोलत होती, वायरशी बोलत नव्हती. म्हणून फक्त स्क्रीनवर भरवसा ठेवू नका, पाठीमागचे लाइट पाहा.

आता कार्ड कोणतं घ्यायचं? यासाठी कॅबिनेट उघडून आत पाहावं लागतं. दुकानात "नेटवर्क कार्ड द्या" म्हणाल तर तो विचारेल, "कोणतं, पीसीआय की पीसीआय एक्सप्रेस?" नावं सारखी, पण ही दोन एकमेकांत बसत नाहीत.

पीसीआय हे जुनं, १९९२ सालचं. लांब, बहुतेक वेळा पांढरा स्लॉट. पीसीआय एक्सप्रेस २००३ पासूनचं. त्यात अगदी छोटा स्लॉट असतो, तुमच्या अंगठ्याएवढा, त्याला एक्स-वन म्हणतात. आणि एक लांब असतो, ग्राफिक्स कार्डचा, एक्स-सिक्स्टीन. कोअर टू ड्युओच्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर दोन्ही पिढ्या शेजारीशेजारी असतात. काकूंच्या बोर्डवर दोन पांढरे पीसीआय, एक छोटा एक्स-वन आणि एक लांब एक्स-सिक्स्टीन होता. छोटा स्लॉट खराब निघाला तर एक्स-वनचं कार्ड लांब स्लॉटमध्येही बसतं. उलटं बसत नाही.

शक्य असेल तर पीसीआय एक्सप्रेस घ्या. जुन्या पीसीआयची पूर्ण वाट सेकंदाला १३३ मेगाबाइटची, आणि तीही त्या वाटेवरच्या सगळ्या कार्डांत वाटून. गिगाबिट कार्ड लावलं तरी पूर्ण वेग मिळत नाही. पण तुमच्या बोर्डवर फक्त पीसीआय असेल तर नाराज होऊ नका. घरचं नेट जर ४० किंवा १०० एमबीपीएसचं असेल तर त्याला पीसीआयही पुरून उरतं.

कार्डावर चिप कोणाची आहे तेवढं पाहा. स्वस्तातल्या कार्डांवर बहुतेक रियलटेकची असते. ८१३९ लिहिलं असेल तर ते १०० एमबीपीएसचं जुनं पीसीआय. ८१६९ म्हणजे पीसीआयवरचं गिगाबिट. ८१६८ किंवा ८१११ म्हणजे पीसीआय एक्सप्रेसवरचं गिगाबिट. मी सीताबर्डीला जाऊन हे शेवटचं आणलं. साडेचारशे रुपये. पंचवीस हजार आणि साडेचारशे, दोन्ही आकडे काकूंना शेजारी लिहून दाखवले.

कोणी म्हणेल, दादा, यूएसबीचा वायफाय डोंगल का नाही घेतला? घेऊ शकता. पण इथे खाली वायफायच येत नव्हतं, वायर मात्र आलेली होती. आपल्या घरात काय आहे ते पाहून ठरवायचं.

बसवलं कोणी? मी नाही. पोट्टी म्हणाली, "दादा, मी बसवतो. तू फक्त सांग." आपल्याकडे मुलीही बसवतो, करतो म्हणतात, बाहेरगावच्यांनी गोंधळू नका. मी स्टुलावर बसलो आणि सांगत गेलो. तुम्हालाही तसंच सांगतो.

पहिलं, शटडाउन करा आणि वायर सॉकेटमधून काढा. फक्त बटण बंद करून चालत नाही, कारण प्लग लावलेला असेल तर बोर्डवर थोडी वीज फिरत राहते. प्लग काढल्यावर पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, उरलीसुरली वीज निघून जाते.

दुसरं, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. आपल्या अंगावर स्थिर वीज साठते, तीच उन्हाळ्यात गाडीच्या दाराला हात लावला की चट्कन बसते ना, ती. नागपूरच्या कोरड्या हवेत एप्रिल-मेमध्ये जास्तच. आपल्याला चिमटा वाटतो, चिपला तो महागात पडतो. कार्ड कडेने धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका.

तिसरं, धूळ. आत पाहिलं तर कूलरच्या समोर ठेवलेला कॅबिनेट, ओलसर धुळीचा थर जमलेला. मऊ ब्रशने काढली. कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका, गंज चढतो.

चौथं, स्लॉटसमोरची पाठीमागची पत्र्याची पट्टी काढा. कार्ड सरळ धरून दोन्ही बाजूंनी सारखं दाबा. जोर लागतो, पण तिरका लावायचा नाही. सोनेरी दात दिसेनासे झाले की बसलं. मग स्क्रू घट्ट करा. हा स्क्रू शोभेचा नाही. पाठीमागून लॅनची वायर ओढली गेली तर तो नसला की कार्ड स्लॉटमधून उचललं जातं.

प्लग लावला, सुरू केलं. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी सूचना आली आणि शेवटी, पुढे जायला एफ१ दाबा. तिने दाबलं. मीही काही बोललो नाही. हेही लक्षात ठेवा.

मग परत रीस्टार्ट करून बायोसमध्ये गेलो. कुठे डिलीट बटण असतं, कुठे एफ२. तिथे ऑनबोर्ड लॅन नावाचा पर्याय असतो, तो डिसेबल करायचा. मेलेलं दार कुलूप लावून बंद. नाहीतर विंडोजमध्ये दोन लॅन दिसत राहतात आणि आपण चुकीच्याच लॅनच्या सेटिंग बदलत बसतो.

विंडोज सुरू झालं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह. कार्ड दिसतंय, पण ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषा. सोबत छोटी सीडी आली होती, पण सीडी ड्राइव्ह केव्हाच बंद पडलेला. आता नेटसाठी ड्रायव्हर पाहिजे आणि ड्रायव्हरसाठी नेट पाहिजे. करायचं काय?

इथे आपला फोन कामी येतो. संध्याकाळी काकू घरी आल्या, त्यांचा फोन घेतला. दोन रस्ते आहेत. एक, फोन यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. फोनच मग कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड होतो. बहुतेक अँड्रॉइड फोन वायफायवर असतील तर तेच नेट पुढे देतात, डेटा पॅक जात नाही. विंडोज ७ वर मात्र टेदरिंग कधीकधी अडतं. तेव्हा दुसरा रस्ता, ड्रायव्हर फोनवर डाउनलोड करा आणि केबलने फाइल कॉपी करा. आम्ही हेच केलं.

ड्रायव्हर कुठून घ्यायचा? चिप बनवणाऱ्याच्या साइटवरून. "सगळे ड्रायव्हर फ्री" असं ओरडणाऱ्या साइटवरून नाही, तिथून ड्रायव्हरसोबत भलतंच काही घरात येतं. चिप ओळखता येत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. त्यात १०ईसी दिसलं की कंपनी रियलटेक, आणि पुढचा ८१६८ हा चिपचा नंबर. कार्डावरचं स्टिकर काहीही म्हणो, हा आयडी ग्राह्य धरा.

ड्रायव्हर टाकला. पाठीमागे हिरवा लाइट लागला. पोट्टीने टाळी वाजवली. ब्राउझर उघडला, आणि एकही साइट उघडेना!

आता इथे घाबरून कार्ड परत करायला धावायचं नाही. पायरीपायरीने चढायचं. काळी खिडकी उघडा, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, आणि आयपीकॉन्फिग टाइप करा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजायचं, राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, कॉम्प्युटरने स्वतःच मनाने ठेवला. मग वायर पाहा, राउटर पाहा, आणि सेटिंगमध्ये "पत्ता आपोआप घ्या" हा पर्याय आहे का ते पाहा. आमचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत होता. म्हणजे पहिली पायरी ठीक.

दुसरी पायरी, राउटरला पिंग करा. आयपीकॉन्फिगमध्येच डिफॉल्ट गेटवे म्हणून त्याचा पत्ता दिसतो. उत्तर आलं. तिसरी, बाहेरच्या जगाला पिंग करा, ८.८.८.८. हा गुगलचा सार्वजनिक पत्ता आहे, लक्षात राहायला सोपा. उत्तर आलं. चौथी, एखाद्या साइटच्या नावाला पिंग करा. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर गडबड डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेची. आमच्याकडे नावाचाही पत्ता सापडला.

म्हणजे नेट आहे! तरी साइट म्हणते, हे कनेक्शन सुरक्षित नाही. मी डोकं खाजवत बसलो. खरं सांगतो, मनात आलं की दुकानदाराने खराब कार्ड दिलं. तेवढ्यात पोट्टी म्हणाली, "दादा, खाली तारीख पाहा ना. २००८ काहून दाखवते?"

घ्या! मामला तिथे होता. प्रत्येक बोर्डवर एक गोल सेल असतो, नाण्यासारखा, सीआर२०३२. प्लग काढल्यावर घड्याळ तोच चालवतो. यांचा सेल कधीच मेला होता, पण कॉम्प्युटरचा प्लग कायम लावलेला, म्हणून कळलं नव्हतं. आम्ही कार्ड बसवायला प्लग काढला आणि घड्याळ थेट २००८ मध्ये गेलं. साइटच्या सुरक्षेच्या प्रमाणपत्रावर कधीपासून कधीपर्यंत अशी तारीख असते. कॉम्प्युटर २००८ मध्ये बसून पाहत होता, त्याला वाटलं हे प्रमाणपत्र तर अजून सुरूच झालं नाही, म्हणजे खोटं. ती एफ१ वाली सूचना हेच सांगत होती. बायोसच्या पानावरही तारीख दिसत होती. आम्ही दोन्ही वेळा न वाचता पुढे गेलो. मी तर शिकवायला बसलो होतो.

चाळीस रुपयांचा सेल टाकला. मेलेल्या सेलमुळे बायोसच्या सेटिंगही पुसल्या जातात, म्हणून ऑनबोर्ड लॅन बंद आहे ना, ते परत पाहिलं. तारीख दुरुस्त केली. साइट उघडली. पहिली कोणती उघडली असेल? परीक्षा परिषदेची.

थोडं राहिलं आहे, ते ऐकून घ्या. ज्यांच्याकडे केबलवाल्याची वायर राउटरशिवाय थेट कॉम्प्युटरला येते, त्यांना वेगळी अडचण येऊ शकते. प्रत्येक कार्डाला स्वतःचा मॅक नंबर असतो आणि काही केबलवाले तो नोंदवून ठेवतात. कार्ड बदललं की नंबर बदलतो आणि नेट बंद. फोन करून नवा नंबर नोंदवायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि गिगाबिट कार्ड असून १०० वरच अडकलं असेल तर वायर तपासा. वायरीत आठ तारा असतात. १०० ला चारच पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एक तार तुटली की वेग खाली येतो.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं. विंडोज १० चाही पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून आम्ही विंडोज ७ फक्त टायपिंगच्या सरावापुरतं ठेवलं, नेट बंद करून. नेटसाठी शेजारीच लिनक्स मिंट टाकलं. तिथे हे कार्ड ड्रायव्हर न टाकता लगेच चाललं, कारण रियलटेकच्या या चिपचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतो.

आता माझी चूक. राउटरचा एक पोर्ट गेला, कॉम्प्युटरचा पोर्ट गेला, म्हणजे दणका आला कुठून? दोघांना जोडणाऱ्या वायरमधून. जवळ कुठे वीज पडली तर उघड्यावरच्या लांब वायरमध्ये झटका तयार होतो, वायरला थेट लागायची गरज नसते. लॅन पोर्टच्या आत बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, ते छोटामोठा झटका अडवतात, पण विजेपुढे त्यांचं काही चालत नाही. गच्चीवरून वायर मी नेली होती, दहा मीटर वाचतात म्हणून. या वेळी जिन्यातून, आतून नेली. आणि आभाळात गडगडलं की पॉवरचा प्लगही काढायचा आणि लॅनची वायरही काढायची, दोन्ही टोकांची. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप फोनवर टाका, जवळ वीज पडण्याची शक्यता असली की कळवतं. ते आधी स्वतःच्या जिवासाठी टाका, मग कॉम्प्युटरसाठी. विदर्भात दर पावसाळ्यात विजेने माणसं जातात.

एकूण खर्च? कार्ड साडेचारशे, सेल चाळीस. काकूंनी पंचवीस हजारांचं काय केलं विचारू नका, ते नव्हतेच त्यांच्याकडे. म्हणून तर त्या भंगारवाल्याचं विचारत होत्या.

परवा गल्लीत दुसऱ्या घरचा कॉम्प्युटर बंद पडला. त्यांनी मला आवाज दिला, मी निघालो, तर पोट्टी आधीच तिथे. हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि घरच्यांना विचारून राहिली, "आधी सांगा, सुरू करताना स्क्रीनवर काय लिहून आलं होतं? पूर्ण वाचलं का?"

मी आल्यापावली परत फिरलो.

तुमच्या घरी असा एखादा कॉम्प्युटर भंगारची वाट पाहत असेल तर देण्याआधी एकदा पाठीमागचे लाइट पाहा आणि तारीख पाहा. कुठे अडलात तर कार्डाचा आणि स्लॉटचा फोटो काढून पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. चला, आभाळ भरून राहिलं, मी माझी वायर काढतो. भेटू!